पंचाच्याच पायी चेंडू

फुटबॉलच्या खेळाचे नियम थोडे आहेत आणि स्पष्ट आहेत. त्यांतला एक तर इतका स्वयंसिद्ध आहे की तो बोलून दाखवण्याची पाळी कोणावर येत नाही. ज्याच्या तोंडी शिटी, त्याने चेंडूला पाय लावायचा नाही. शिटी आणि चेंडू एकाच माणसाच्या ताब्यात गेले की मैदानावर चालतो तो खेळ नव्हे, खेळाचे सोंग. भात कापून झाल्यावर मोकळ्या शेतात चेंडूमागे धावणाऱ्या आमच्या पोरांनाही ही गोष्ट कळते. ती या खेळाचा कारभार पाहणाऱ्या थोरामोठ्यांना गेल्या पन्नास वर्षांत कळली नाही, किंवा कळली तरी वळली नाही. आज हा विषय हाती घेण्याचे कारण असे की, त्या न वळण्याची किंमत भारतीय फुटबॉलला आणि त्यातही गोमंतकाला रोख मोजावी लागली आहे.

२०२५ साली काय घडले ते प्रथम आठवावे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० साली एका उद्योगसमूहाशी केलेला पंधरा वर्षांचा व्यापारी करार त्या वर्षीच्या डिसेंबरात संपणार होता, हे पंधरा वर्षांपासून ठाऊक होते. तरीही पुढची तजवीज झाली नाही. जुलैमध्ये इंडियन सुपर लीगचा मोसम स्थगित झाल्याचे जाहीर झाले, काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले आणि पुढे महासंघाने निविदा मागवल्या तेव्हा नोव्हेंबरातील मुदत संपेपर्यंत एकही निविदा आली नाही. २२ ऑक्टोबरला फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवा संघ आशियाई स्पर्धेत सौदी अरेबियाच्या बलाढ्य अल नासरशी झुंजत होता आणि एका गोलाच्या फरकाने हरला. त्याच वेळी आपल्या देशातील मुख्य लीग होणार की नाही, हे त्या संघातल्या एकाही खेळाडूला सांगता येत नव्हते. घरात चूल पेटण्याची भ्रांत असताना परगावच्या पंगतीत मानाने बसावे, तशी ही स्थिती.

ही नुसती ढिलाई होती, असे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे. परंतु ढिलाईलाही कारण असते. या रोगाचे मूळ दिल्लीत नाही. ते स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे, फिफा या जागतिक संघटनेच्या घरात सापडते. ते समजून घेतल्याशिवाय आपल्या दुखण्याचे निदान होणार नाही.

फिफाची स्थापना १९०४ साली पॅरिसमध्ये झाली. दीर्घकाळ तिच्यावर युरोपीय सभ्य गृहस्थांची पकड होती. १९६१ ते १९७४ या काळात अध्यक्ष असलेले इंग्लंडचे सर स्टॅन्ली रूस व्यक्तिशः पैशाला लोभावणारे नव्हते. परंतु नव्याने स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी राष्ट्रांचा अभिमान त्यांना कधी उमगला नाही. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेला संघटनेत टिकवून धरण्याचा त्यांचा प्रयत्न आणि आफ्रिकेला विश्वचषकात हक्काची जागा न देण्याचे धोरण यांमुळे १९६६ च्या विश्वचषकावर आफ्रिकी राष्ट्रांनी बहिष्कार टाकला. १९७४ साली ब्राझीलचे जोआव हावेलांज यांनी याच असंतोषावर स्वार होऊन रूस यांचा पराभव केला. पारतंत्र्याचे चटके ज्यांनी सोसले आहेत, त्यांना त्या निवडणुकीत आनंद वाटावा असेच तिचे रूप होते. लहान राष्ट्रांना मान मिळाला, दक्षिण आफ्रिकेची १९७६ साली हकालपट्टी झाली आणि १९८२ पासून विश्वचषकातील संघ सोळांवरून चोवीस झाले. हे श्रेय हावेलांज यांना दिलेच पाहिजे. दुर्दैव असे की, न्याय्य गाऱ्हाण्याच्या पायावर त्यांनी जी इमारत उभी केली ती आश्रयदात्याच्या वाड्याची होती.

त्या वाड्याची रचना साधी आहे. फिफाचे आज २११ सभासद आहेत आणि प्रत्येकाला एक मत आहे. ब्राझीललाही एक, कॅरिबियन समुद्रातल्या एखाद्या चिमुकल्या बेटालाही एकच. तत्त्व म्हणून हे उत्तम आहे. परंतु विश्वचषकातून येणारा पैसा झुरिकमध्ये जमा होतो आणि विकासनिधी म्हणून तेथूनच वाटला जातो. २०१९ ते २०२२ या चार वर्षांत फिफाचे उत्पन्न साडेसात अब्ज डॉलरांहून अधिक होते आणि त्यानंतरच्या चार वर्षांसाठी प्रत्येक सभासद संघटनेला ऐंशी लाख डॉलरपर्यंत निधी मिळण्याची तरतूद करण्यात आली. तात्पर्य, जो अनुदान देतो तोच अनुदान घेणाऱ्याकडे मत मागायला जातो. येथे कोणी कोणाला पाकीट द्यावे लागत नाही. वाटपाच्या रीतीतच मिंधेपणा मुरलेला असतो.

त्यात व्यापार शिरला. आदिदास कंपनीच्या होर्स्ट डासलर यांनी खेळाचे विपणन करण्यासाठी १९८२ साली एक कंपनी काढली. तिचे संक्षिप्त नाव आयएसएल. आपल्याकडील लीगशी तिचा काही संबंध नाही. नामसाधर्म्य हा केवळ योगायोग. फिफाचे विपणनाचे आणि पुढे प्रक्षेपणाचेही हक्क वर्षानुवर्षे याच कंपनीकडे राहिले. २००१ साली कंपनीचे दिवाळे वाजले आणि खातेवह्या न्यायालयासमोर उघडल्या, तेव्हा हक्क देणाऱ्यांच्या खात्यात हक्क घेणाऱ्यांचा पैसा वाहत होता, हे उजेडात आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या स्विस दस्तऐवजानुसार हावेलांज यांना १९९७ साली पंधरा लाख स्विस फ्रँक मिळाले, तर त्यांचे एके काळचे जावई व ब्राझीलच्या फुटबॉल संघटनेचे प्रमुख रिकार्डो तेशेरा यांना १९९२ ते १९९७ या काळात एक कोटी सत्तावीस लाखांहून अधिक फ्रँक. हावेलांज यांच्या नावची रक्कम तर आधी फिफाच्याच खात्यातून फिरली होती.

आणि शिक्षा? शिक्षा झाली नाही. खाजगी संस्थेच्या पदाधिकाऱ्याने असे कमिशन घेणे हा त्या काळी स्विस कायद्याने गुन्हाच नव्हता. काही रक्कम परत करण्याच्या अटीवर प्रकरण मिटले. २०१३ साली हावेलांज यांनी सन्माननीय अध्यक्षपद सोडले, एवढेच. या प्रकरणातील खरा धडा रकमेच्या आकड्यात नाही. कायद्याने गुन्हा नसलेली गोष्ट संस्थेचे आतडे कुरतडू शकते, हा तो धडा. म्हणून फुटबॉलच्या कारभाराची परीक्षा 'लाच सिद्ध झाली का' या एकाच प्रश्नाने घेऊ नये. देणारा आणि घेणारा एकाच खुर्चीवर बसले होते का, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

त्या प्रश्नाच्या उजेडात उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांच्या संघटनेचा कारभार पाहावा. तिचे अध्यक्ष त्रिनिदादचे जॅक वॉर्नर. संघटनेने कोट्यवधी डॉलर खर्चून त्रिनिदादमध्ये एक भव्य क्रीडाकेंद्र उभारले. ज्या जमिनीवर ते उभे राहिले ती वॉर्नर यांच्या नियंत्रणाखालील कंपन्यांच्या मालकीची असल्याचा निष्कर्ष बार्बाडोसचे माजी सरन्यायाधीश डेव्हिड सिमन्स यांच्या समितीने २०१३ साली काढला. म्हणजे इमारत सार्वजनिक पैशाची आणि भूखंड अध्यक्षांचा! त्याच संघटनेचे सरचिटणीस अमेरिकेचे चक ब्लेझर. त्यांच्याशी झालेला करार असा होता की, संघटनेने मिळवलेल्या व्यापारी उत्पन्नावर त्यांना दहा टक्के दलाली मिळावी. चिटणीसच दलाल झाला, तर संस्थेच्या वतीने भाव करायला उरले कोण? २०१३ साली ब्लेझर यांनी अमेरिकेच्या न्यायालयात गुन्ह्यांची कबुली दिली आणि तेथूनच पुढच्या भूकंपाची सुरुवात झाली.

२ डिसेंबर २०१० रोजी झुरिकमध्ये बावीस माणसांनी २०१८ चा विश्वचषक रशियाला आणि २०२२ चा कतारला दिला. कार्यकारिणीचे सभासद चोवीस. त्यांतले दोघे मतदानापूर्वीच, ब्रिटिश वृत्तपत्राच्या वेषांतरित बातमीदारांनी रचलेल्या सापळ्यात सापडून निलंबित झाले होते. कतारने मते विकत घेतल्याचा आरोप सदैव नाकारला आहे आणि तसे निर्णायक सिद्धही झालेले नाही, हे न्यायाने म्हटले पाहिजे. परंतु त्या व्यवहाराची चौकशी करणारे अमेरिकी विधिज्ञ मायकेल गार्सिया यांचा मूळ अहवाल दडवून, त्याचा सारांश तेवढा २०१४ साली प्रसिद्ध करण्यात आला. तो अपूर्ण व चुकीचा असल्याचे सांगून गार्सिया यांनी पद सोडले. पूर्ण अहवाल जगापुढे आला तो २०१७ साली. स्वच्छ हाताचा माणूस मूठ इतका वेळ झाकून ठेवत नाही.

२७ मे २०१५ च्या पहाटे झुरिकच्या एका आलिशान हॉटेलातून सात पदाधिकाऱ्यांना अटक झाली. अमेरिकेच्या आरोपपत्रात चौदा नावे होती आणि चोवीस वर्षांत पंधरा कोटी डॉलरांहून अधिक लाच फिरल्याचा आरोप होता. त्यानंतर दोनच दिवसांनी सेप ब्लाटर पुन्हा अध्यक्ष म्हणून निवडून आले! घरात पोलीस शिरले असतानाही कारभाऱ्यालाच पुन्हा पगडी बांधणारी ही सभा पाहिली म्हणजे मिंधेपणाची मुळे किती खोल गेली होती, ते ध्यानी येते. चार दिवसांनी ब्लाटर यांना पद सोडण्याची घोषणा करावी लागली.

ब्लाटर आणि फ्रान्सचे विख्यात खेळाडू मिशेल प्लातिनी यांचे प्रकरण मात्र सावधपणे वाचले पाहिजे. १९९८ ते २००२ या काळातील सल्लागारीचा मोबदला म्हणून प्लातिनी यांना २०११ साली वीस लाख फ्रँक देण्यात आले. लेखी करारात ही बाकी नव्हती आणि २०११ हे ब्लाटर यांच्या निवडणुकीचे वर्ष होते. फिफाच्या नीतिसमितीने हितसंबंधांच्या संघर्षाचा ठपका ठेवून दोघांवर बंदी घातली. पुढे अपिलात तिची मुदत कमी झाली. मात्र फौजदारी खटल्यात स्विस न्यायालयांनी दोघांना २०२२ साली आणि अपिलात २०२५ साली निर्दोष सोडले. ज्याला न्यायालयाने सोडले त्याला वृत्तपत्राने गुन्हेगार म्हणू नये, हे आम्ही मानतो. परंतु गुन्हा न ठरणे आणि वागणूक योग्य ठरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. खजिन्यातून तोंडी वचनावर कोटींच्या रकमा देता येतात, हीच व्यवस्था दोषी आहे.

ब्लाटर गेल्यावर सुधारणा झाल्या का? कागदावर झाल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये जियानी इन्फान्तिनो निवडून आले. मुदतीच्या मर्यादा, पगारांची जाहीर नोंद, स्वतंत्र समित्या अशा गोष्टी नियमांत शिरल्या. परंतु मे २०१७ मध्ये बहारीन येथील अधिवेशनात नीतिसमितीचे दोन्ही प्रमुख, कॉर्नेल बोर्बेली आणि हान्स-योआकिम एकर्ट, दूर झाले. शेकडो प्रकरणे पडून असल्याचे ते सांगत राहिले. रशियाचे उपपंतप्रधान विताली मुत्को यांना, सरकार आणि खेळ या दोन गाद्यांवर एकत्र बसता येणार नाही म्हणून, फिफाच्या परिषदेपासून दूर ठेवणारे पोर्तुगीज कायदेपंडित मिगेल मदुरो यांनाही त्याच वेळी निरोप मिळाला. मुदत संपली, असे फिफाने सांगितले. संपली असेलही. पण ज्या पहारेकऱ्याला घरधन्याच्या मर्जीने रजा देता येते, तो रात्री कोणाच्या पावलांकडे कानाडोळा करील, हे का सांगायला हवे? ११ डिसेंबर २०२४ रोजी २०३४ चा विश्वचषक सौदी अरेबियाला देण्यात आला. स्पर्धक एकच, मतमोजणी नाही, दूरदृश्य सभेत टाळ्यांचा गजर तेवढा झाला.

आता झुरिकहून दिल्लीकडे वळू. वाडा लहान, पण आराखडा तोच. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून २०२२ पर्यंत आपल्या महासंघाला दोनच अध्यक्ष लाभले: सुमारे वीस वर्षे प्रियरंजन दासमुन्शी आणि त्यानंतर प्रफुल्ल पटेल. दोघेही राजकारणी, दोघांनीही केंद्रीय मंत्रिपद भूषवले. राज्य संघटनांना एकेक मत आणि त्या संघटनांना लागणारा पैसा महासंघाकडून, हे गणित येथेही तेच. पटेल यांची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली. परंतु घटनेचा वाद न्यायालयात प्रलंबित आहे, या कारणावर निवडणूक झाली नाही आणि खुर्ची तशीच भरलेली राहिली. अखेर १८ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कार्यकारिणी बरखास्त करून न्यायमूर्ती अनिल दवे, माजी निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी आणि माजी कर्णधार भास्कर गांगुली यांची प्रशासक समिती नेमली.

यानंतर जे घडले ते स्वातंत्र्यदिनी घडावे, हा दैवाचा क्रूर विनोद म्हणावा लागेल. १५ ऑगस्ट २०२२ रोजी फिफाने 'तिऱ्हाइताचा हस्तक्षेप' हे कारण देऊन भारताला निलंबित केले. गोकुळम केरळ क्लबाच्या मुली आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. त्यांना न खेळता परतावे लागले. ऑक्टोबरात मडगाव, भुवनेश्वर आणि नवी मुंबई येथे होणारा सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषकही हातचा जाण्याची वेळ आली. न्यायालयाने छत्तीस नामवंत माजी खेळाडूंना, त्यांत बारा स्त्रियांना, महासंघाच्या निवडणुकीत मताधिकार दिला होता. फिफाच्या आग्रहामुळे तो मागे घ्यावा लागला आणि प्रशासक समितीही गेली. अकरा दिवसांनी बंदी उठली. जिने वा ज्याने देशासाठी घाम गाळला त्याने मत देणे हा हस्तक्षेप, आणि मुदत संपलेल्याने सव्वा वर्षाहून अधिक काळ खुर्ची अडवणे ही स्वायत्तता, असा हा न्याय! त्या काळात प्रफुल्ल पटेल हे स्वतः फिफाच्या परिषदेचे सभासद होते. बंदीचे संकट ओढवण्यात त्यांचा हात असल्याचा आरोप प्रशासक समितीने न्यायालयात केला. तो आरोप होता, निकाल नव्हे. परंतु ज्याच्या खुर्चीविषयी वाद आहे तोच वाद सोडवणाऱ्या मंडळात बसलेला असू नये, हे ठरवण्यासाठी आरोप सिद्ध होण्याची वाट पाहावी लागत नाही.

२ सप्टेंबर २०२२ रोजी माजी गोलरक्षक व भारतीय जनता पक्षाचे नेते कल्याण चौबे ३३ विरुद्ध १ अशा मतांनी अध्यक्ष झाले. भारताचे माजी कर्णधार भायचुंग भुतिया यांना पडलेले ते एक मत पुष्कळ काही सांगून जाते. त्याच वर्षी चौबे भारतीय ऑलिम्पिक संघाचे सहसचिवही झाले. मार्च २०२४ मध्ये महासंघाच्याच विधी सल्लागाराने अध्यक्षांवर पैशाच्या गैरवापराचे आरोप केले. अध्यक्षांनी ते साफ नाकारले आणि सल्लागाराला पदावरून जावे लागले. खरे-खोटे आम्ही ठरवत नाही. ते ठरवणारी स्वतंत्र यंत्रणा महासंघात नाही, हे आमचे म्हणणे. ती असती तर एप्रिल २०२५ मध्ये महासंघाच्या अपील समितीने चर्चिल ब्रदर्सला दिलेले आय-लीगचे विजेतेपद जुलैमध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने इंटर काशीला देण्याचा प्रसंग आला नसता. देशी लीगचा विजेता परदेशी लवादाने ठरवावा, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. निवृत्त न्यायमूर्ती नागेश्वर राव यांनी तयार केलेल्या घटनेला सर्वोच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०२५ रोजी मान्यता दिली. महासंघाच्या सभेने ऑक्टोबरात ती स्वीकारताना दोन कलमे बाजूला ठेवली. महासंघावर निवडून येणाऱ्याने राज्य संघटनेचे पद सोडावे, हे त्यांतलेच एक. खुर्ची सोडा म्हटले की नेमकी कोठे कळ उठते, ते येथे दिसते.

आता त्या २०१० च्या कराराकडे पाहू. आयएमजी-रिलायन्सने पंधरा वर्षांत सातशे कोटी रुपये द्यावे आणि भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क घ्यावे, असा तो करार. त्यात कोणी लाच घेतली असे आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा नाही. या पैशाने मैदाने सुधारली, प्रेक्षक आले, हेही नाकारत नाही. परंतु महासंघाचा रोजचा चरितार्थ ज्या कंपनीवर, त्याच कंपनीच्या लीगचे नियमनही महासंघाने करायचे होते. २०१४ साली सुपर लीग सुरू झाली तेव्हा तिचे सामने दाखवणाऱ्या दूरचित्रवाणी समूहाचा लीगच्या कंपनीतही हिस्सा होता. हक्कदार, आयोजक आणि प्रक्षेपक एकाच पंगतीला, आणि नियामक त्यांच्या वाढपावर अवलंबून. अशा नियामकाने जुन्या क्लबांची बाजू घेतली असती तरच नवल!

जुने क्लब म्हणजे कोण, हे गोमंतकीय वाचकांस सांगायला नको. आय-लीग सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या सहा मोसमांत, २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत, विजेतेपद गोव्याबाहेर गेलेच नाही. धेंपोने ते तीनदा, चर्चिल ब्रदर्सने दोनदा आणि साळगावकरने एकदा जिंकले. फुटबॉल म्हणजे सासष्टीचा आणि ख्रिस्ती बांधवांचा खेळ, असा एक सोयीस्कर समज आहे. परंतु ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार झाले आणि धेंपो-साळगावकरांच्या पेढ्यांनी या खेळाला अन्न घातले, हेही तितकेच खरे. २०१६ साली आय-लीगला दुय्यम स्थान देण्याची योजना पुढे येताच धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. २०१२ च्या खाणबंदीने पेढ्यांचे हात आखडले होते, हे कारणही जमेस धरावे. परंतु मैदानावर गुण मिळवून वर चढण्याची वाटच बंद झाली, हा घाव मोठा होता. आय-लीग जिंकणाऱ्याला सुपर लीगमध्ये जाण्याची वाट खुली झाली ती २०२३ साली. तोपर्यंत आमच्या गावोगावच्या पोरांच्या एका पिढीचे पाय थकले होते.

दिल्लीला दोष देताना आपल्या अंगणाकडे पाठ फिरवणे बरे नव्हे. गोवा फुटबॉल असोसिएशन १९५९ पासूनची जुनी संस्था. तिच्या कारभारात क्लबांच्या मालकांनी आणि चालकांनी बसावे, हा येथला प्रघात. ज्याचा संघ स्पर्धेत आहे तोच सामन्यांचे वेळापत्रक, पंचांच्या नेमणुका आणि खेळाडूंच्या बदल्यांचे तंटे यांवर बसणार असेल, तर तो माणूस कितीही सचोटीचा असो, हरलेल्याला न्याय मिळाल्यासारखे वाटणार नाही. अशा संशयाने आमच्या लीगचे किती मोसम नासले, ते मैदानावर जाणाऱ्यांनी स्वतःला विचारावे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. धनिकांनी आणि राजकारण्यांनी हात काढून घेतला तर फुटबॉल चालणार कशावर? तिकिटाच्या पैशाने तर चेंडूही येत नाहीत! आमचे उत्तर असे की, दात्याचे दान नको असे कोणी म्हटलेले नाही. आमच्या देवस्थानांत मोठमोठे महाजन सढळ हाताने देतात. तरीही समितीत अध्यक्ष वेगळा, खजिनदार वेगळा आणि मुखत्यार वेगळा असतो आणि हिशेब महाजनांच्या सभेपुढे येतात. देणाऱ्याने फंडपेटी भरावी. ती फोडून एकट्याने मोजू नये. मोजू दिली तर तो चोरी करीलच असे नाही, पण न करताही त्याच्यावर बोट उठेल. विभागणीचा नियम सज्जनालाही संशयापासून राखतो.

म्हणून मागण्या साध्या आहेत. महासंघाच्या व राज्य संघटनांच्या प्रत्येक पदाधिकाऱ्याने आपला क्लब, आपला व्यवसाय आणि आप्तांचे व्यवहार जाहीर नोंदवहीत लिहावेत. स्वतःच्या संबंधाचा विषय निघाला की सभेतून उठावे आणि उठल्याची नोंद इतिवृत्तात व्हावी. एका माणसाला एकच पद असावे. हक्क विकताना निविदा उघड असाव्यात आणि निवडीची कारणे प्रसिद्ध व्हावीत. नीतिसमिती नेमणाऱ्यांना तिला मध्येच घरी पाठवता येऊ नये. तपासलेले हिशेब दरवर्षी लोकांपुढे यावेत. आणि खेळाडूंना, स्त्री खेळाडूंसह, खरे मत असावे.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. क्रीडा मंडळ, लवाद आणि निवडणुकांवर देखरेख या त्यातील चांगल्या गोष्टी आहेत. परंतु माहितीच्या अधिकाराचा हात सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांपुरताच ठेवला गेला आणि क्रीडा मंडळाच्या नेमणुका केंद्र सरकारच्या हाती राहिल्या. धनिकाच्या दाराशी बांधलेला खेळ सोडवून मंत्र्याच्या दाराशी बांधणे ही काही मुक्ती नव्हे. त्या मंडळावर लोकांचे लक्ष राहिले पाहिजे.

झुरिक दूर आहे, दिल्लीही जवळ नाही. परंतु गोवा फुटबॉल असोसिएशनची सर्वसाधारण सभा आपल्याच माणसांची असते. वर सांगितलेल्यांपैकी हितसंबंधांची नोंदवही आणि हिशेबांची प्रसिद्धी, एवढ्या दोन गोष्टी करायला न्यायालयाचा हुकूम लागत नाही आणि फिफाची परवानगीही लागत नाही. सभासद क्लबांनी येत्या सभेत हे दोन ठराव मांडावेत. ज्यांना ते अडचणीचे वाटतील त्यांनी उभे राहून आपली अडचण काय आहे, ते सभेला सांगावे.